बदलीचे गाव आणि कडक भाकरी
बदलीचा हुकूम घेऊन सोलापूरच्या एखाद्या कचेरीत रुजू होणाऱ्या कोकणातल्या कारकुनाला नव्या साहेबाची मर्जी आणि नव्या दप्तराची शिस्त उमगावयास महिनोन्महिने लागतात. परंतु मधल्या सुट्टीत शेजारच्या सहकाऱ्याने डबा उघडून पापडासारखी पातळ कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी त्याच्यापुढे सरकवली, की त्या परक्या गावाशी त्याचा ऋणानुबंध जुळू लागतो, असे माझे निश्चित मत आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ उखळात इतके कुटावयाचे, की दाण्यांचे तेल आपोआप सुटून चटणी ओलसर व्हावी. भाकरी मात्र पार वाळेपर्यंत शेकावयाची, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकते. ज्या मुलखात पर्जन्याची शाश्वती नाही, तेथे मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतल्या ओलीवर रब्बीत पोसणारी मालदांडी ज्वारी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, हेच खरे ऐश्वर्य होय. आणि हुरड्याच्या दिवसांत शेतावर निमंत्रण आले, तर त्या आतिथ्याला तोड नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांनी घरचा भात डब्यात खुशाल न्यावा. सहकाऱ्याने पुढे केलेल्या भाकरीला मात्र नकार देऊ नये, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.