उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला काय?



मोखाड्यातल्या एका कातकरी बापाने मुलाच्या कफनासाठी 500 रुपये उसने घेतले. ते फेडायला त्याला राबवून घेतल्याची तक्रार झाली, वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला; पण 2021च्या जुलैत त्याने गळफास घेतल्यानंतर. पुढच्याच वर्षी इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं मेंढ्या राखायला दिलेली आढळली. मोबदला काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू. त्यातली दहा वर्षांची मुलगी मेली, तेव्हा कुठे बाकीच्यांचा शोध सुरू झाला.

आपण हळहळलो. माणसांची तस्करी म्हणजे भयंकरच, यावर आपलं एकमत आहे. मग दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीचे कोयते गाड्या भरभरून निघतात तेव्हा आपल्याला काहीच कसं वाटत नाही? कारण उत्तर तयार असतं: आगाऊ उचल घेतलीय ना, मग फेडायला नको? देण्याघेण्याचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडा? या पत्रकाचं भांडण त्या उत्तराशी आहे.

आधी हिशेब करू. जानेवारी 2024मध्ये तोडणीचा दर वाढून टनाला 366 रुपये झाला. नवराबायको मिळून एक कोयता. (दोन माणसं, एक हत्यार, मोजताना हत्यारच मोजतात.) लाखाची उचल फेडायला 273 टनांवर ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले, तर 137 दिवस. त्यात आजारपण नाही, पाऊस नाही, मयत नाही. कारखान्याचा पट्टा त्याआधी पडला, की बाकी अंगावर. ती पुढच्या हंगामावर फिरते. खाड्याचा दंड तिच्यातच मिळवतात. फड सोडून गेलेल्याला गाडीत घालून परत आणल्याच्या, बायकापोरांना डांबून ठेवल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात.

आणि बायका. 2019 साली बीडमध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ऊसतोडीच्या 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड. हाही देण्याघेण्याचाच मामला म्हणायचा का?

उसाचे पैसे शेतकऱ्याला 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं 1966चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शेतकऱ्याला तेही वेळेवर मिळत नाहीत, ते भांडण वेगळं. पण मागायला कागद तरी आहे. तोच ऊस तोडणाऱ्याला मजुरी आधीच 'पोचलेली' असते. त्याने हिशेब मागितला, की माजला.

आता कायदा. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच ठिकाणी बंद केले. 1976च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्द केलं, आणि 'हे तसं कर्ज नाही' हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर टाकलं. 1982मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही सक्तीची मजुरी आणि भुकेने आलेली लाचारी हीसुद्धा सक्तीच. भारतीय न्याय संहितेच्या 143व्या कलमानुसार तस्करी झालेल्याची संमती विचारात घ्यायचीच नाही. पोराच्या तस्करीला किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. याउलट 1976च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 2000 रुपये! प्रकरण कोणत्या कलमाखाली नोंदवायचं याची घासाघीस का होते, ते यावरून समजावं.

तरीही शहाणे बोलतातच. 'मजूर उचल घेऊन पळतात, ती देणारा मुकादम बुडतो.' पळत असतील काही. मग जा दिवाणी न्यायालयात. तुमच्या घराचा हप्ता थकला तर बँक नोटीस पाठवते, तुमची बायको उचलून नेत नाही. 'ते दारूत उडवतात.' उडवू देत, तुमच्या बापाचं काय जातं? आणि सगळ्यांत दयाळू आक्षेप: 'उचल बंद झाली तर उपाशी मरतील.' ही काळजी नेमकी उचल देणाऱ्यांनाच का वाटते? कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन नोंदलं जातं. त्या पावतीवरून दर आठवड्याला, तोडणाऱ्या नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यात मजुरी टाकता येते. अडचण काट्याची नाही. आठवड्याला मजुरी मिळणारा माणूस नको असेल तेव्हा काम सोडून जातो, ही खरी अडचण आहे.

तेव्हा फडात, वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर कुणाला अडकवून ठेवल्याचं कळलं, तर मध्यस्थी करून रक्कम कमी करून देऊ नका. तडजोड केलीत, तर मुळात रद्द असलेलं कर्ज तुम्हीच जिवंत केलंत. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. मुक्तीचा दाखला मागा. दाखल्याबरोबर 30 हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. पुनर्वसनाची मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्यावर अडकवून ठेवलीय, तिच्यासाठी वेगळं भांडावं लागेल. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिची शेवटची बैठक कधी झाली ते माहितीच्या अधिकारात विचारा. आणि कुणी 'आपसात मिटवा' म्हणालं, तर त्याच्याकडून ते सहीशिक्क्यानिशी लिहून मागा.