हप्त्यांची गुरुदक्षिणा

शिक्षकाचा पेशा पवित्र आहे, हे वाक्य बहुधा पगार द्यायची वेळ आली म्हणजेच ऐकू येते. सराफाच्या वा वकिलाच्या धंद्याला कोणी पवित्र म्हणत नाही. तेथे रोख पैसे मोजावे लागतात. आमच्या सरकारने तर शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाचे नावच ‘पवित्र’ ठेवले आहे! पावित्र्याची इतकी चोख व्यवस्था झाल्यावर पोटाची चौकशी करणे असभ्यपणाचे दिसेल खरे. पण पाडव्याला वह्यांची पूजा करणाऱ्या समाजाला हिशेबाचा विटाळ नसावा, म्हणून तो येथे मांडतो.

बी.एड. पूर्वी एका वर्षात होई. २०१५ पासून त्याला दोन वर्षे लागू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे म्हटले आहे. शिक्षक अधिक शिकलेला असावा, याला कोण नाही म्हणेल? प्रश्न एवढाच, की हे वाढीव शिक्षण कोणाच्या पैशाने?

समजा, एका शेतकऱ्याच्या मुलीने फी, खोली आणि खानावळ यांसाठी वर्षाला एक लाख, असे दोन लाखांचे कर्ज काढले. व्याज दहा टक्के धरू. शिकत असताना आणि पुढे वर्षभर बँक सामान्यतः हप्ता मागत नाही. व्याज मात्र झोपत नाही. सरळ व्याजानेही तीन वर्षांअखेर आकडा अडीच लाखांवर जातो. पाच वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सुमारे ५,३०० रुपये.

आता जमेची बाजू. नोकरी लागताच ती शिक्षिका होत नाही, तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ होते. ही योजना २००० साली आली. माध्यमिक शाळेतील सेवकाचे मानधन कैक वर्षे ८,००० रुपये होते; २०२३ च्या जानेवारीपासून ते १८,००० झाले. त्यातून हप्ता वजा जाता उरले १२,७००. खोलीचे भाडे, एस.टी., जेवण, आजारपण आणि घरी आईच्या हातावर ठेवायचे चार पैसे, सारे त्यातच. विज्ञान शिकवणाऱ्या या मुलीला स्वतःच्या संसाराचे गणित मात्र सुटत नाही.

यावर शहाणे लोक सांगतात, “तीन वर्षे कळ काढा, पुढे वेतनश्रेणी आहेच.” आहे, आणि ती वाईटही नाही. परंतु त्या दारापर्यंत पोचायचे कसे? भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली. पुढची झाली ती २०२३ च्या फेब्रुवारीत! मधल्या पाच वर्षांत व्याजाने सुट्टी घेतली नाही. विनाअनुदानित शाळांत आणि घड्याळी तासिकांवर जे राबतात, त्यांना तर १८,००० हा आकडाही श्रीमंती वाटतो.

शिवाय नियम बदलतात. २०१८ साली बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीही पात्र ठरवण्यात आले. २०२३ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने ती पात्रता अमान्य केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र निराळे, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. पण मधल्या काळात ज्यांनी त्या आशेवर कर्जाच्या कागदावर सही केली, त्यांची पात्रता तेवढी गेली, हप्ता राहिला.

आणि हे असेच चालायचे, असे म्हणण्याचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत व्हर्नाक्युलर फायनल झालेला मास्तर ट्रेनिंग कॉलेजात जाई, तेव्हा त्याला विद्यावेतन मिळे. परक्या सरकारलाही कळत होते, की शिक्षक हवा असेल तर तो घडवण्याचा खर्च, ज्याला हवा त्याने सोसावा. स्वतःच्या सरकारला ते कळेनासे झाले. शिपायाला कवायत शिकवण्याची फी आपण त्याच्या बापाकडून घेतो काय?

म्हणून माझी मागणी दानाची नाही, व्यवहाराची आहे. जोवर शिक्षणसेवक म्हणून अर्ध्यामुर्ध्या मोलात राबवून घ्यायचे, तोवर कर्जाचे व्याज सरकारने भरावे. अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरल्या महिन्यात व्हावी. आणि जितक्या जागा भरायच्या, त्या मानाने अध्यापक महाविद्यालयांत प्रवेश द्यावेत. गिऱ्हाईक मिळते म्हणून दुकाने थाटू नयेत.

आईबापांनाही एक सांगणे आहे. लेकीला किंवा लेकाला शिक्षक व्हायचे असेल, तर आडवे येऊ नका. पण सही करण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा: एकूण कर्ज, महिन्याचा हप्ता, आणि नोकरीवाचून किती वर्षे घर त्याला पोसू शकेल. तिसरा आकडा लिहिताना हात थांबला, तर घाई करू नका. त्यात लाज मुळीच नाही. लाज वाटायची असेल तर ती त्यांना वाटावी, जे शिक्षकदिनी हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी हाराचे पैसे त्याच्याच मानधनातून वळते करून घेतात.