रिकाम्या कापात उगवलेल्या पेशी

भिवंडीत आमचं घर मागांच्या कारखान्याला लागून होतं. तागा तपासणीच्या टेबलावर आला की वडील एकच सांगायचे, पट्टी दिसली तर खूण कर, झाकू नकोस. माग बंद पडून पुन्हा चालू झाला की कापडात आडवी पट्टी उमटते, आणि ती कुठे आहे हे गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे.

आज मी सूक्ष्मदर्शकावर काम करतो आणि नेमकं उलटं चाललेलं बघतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर ऊतीचे एकाखाली एक साठ काप टिपायचे, खालचे अंधारे आले की प्रत्येक काप सुटा धरून संगणकाकडून उजळून घ्यायचा आणि त्यावर पेशी मोजायच्या. याला म्हणे दुरुस्ती म्हणायचं. ही खाडाखोड आहे.

खोल जाताना प्रकाश ऊतीत विखुरतो. लेझरच्या माऱ्याने रंग विटत जातो, म्हणून उशिरा टिपलेले काप आणखी फिके येतात. पण काही काप काळे असतात ते तिथे पेशीच नसतात म्हणून. संगणकाला हा फरक कुठून कळणार? इमेजजे या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एन्हान्स कॉन्ट्रास्ट' उघडून 'नॉर्मलाइझ' आणि 'प्रोसेस ऑल स्लाइसेस'वर खूण केली, पण 'यूज स्टॅक हिस्टोग्राम' तशीच सोडली, की प्रत्येक काप आपल्यापुरता ताणला जातो. 8 बिटच्या चित्रात बिंदूंच्या उजेडाची मूल्यं 0 ते 255. एका प्रबंधातल्या तळाच्या कापाची मूळ फाइल मी उघडली, तर सगळी मूल्यं 6 ते 14च्या आत. नुसता डिटेक्टरचा गोंगाट! ताणल्यावर त्यातच पांढरे ठिपके उगवले होते आणि ते पेशी म्हणून तक्त्यात बसले होते. विचारलं तर उत्तर आलं, "सर, सगळे काप कसे एकसारखे दिसतायत." एकसारखे दिसले म्हणजे खरे झाले?

माइक रॉस्नर आणि केनेथ यामादा यांनी 2004 सालीच 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'त बजावलं होतं की उजेड बदलायचा तर सबंध चित्राला सारखा बदला. आमच्याकडे ते कुणी वाचायचं?

दुरुस्ती जरूर करा. पण आधी काळी पार्श्वभूमी वजा करा, मग गुणा. नाहीतर पार्श्वभूमीही फुगते. ज्या रंगाची चमक सगळ्या पेशींत सारखी असायला हवी, तो त्याच लेझरने टिपून खोलीनुसार उजेड कसा घटतो याचा एकच वक्र काढा, आणि तोच सगळ्या कापांना लावा. काय केलं ते प्रबंधात लिहा. आणि खोलातून जे फोटॉन आलेच नाहीत, ते कुठल्याही गुणाकाराने येत नाहीत; असे काप मोजणीतून सरळ काढून टाका.

प्रबंध तपासणाऱ्यांनो, छापलेल्या चित्रावर सही करू नका. मूळ फाइल मागा, तळाचा काप उघडा आणि त्यातली मूल्यं स्वतः वाचा.