लँडलाइनला फिल्टर लावल्यावर इंटरनेटचा स्पीड खरंच वाढतो का?

फोनची रिंग वाजली की इंटरनेट बंद. पावसाळ्यात रिसीव्हर उचलला की नुसती खरखर आणि मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो. जिथे फायबर अजून पोहोचलेलं नाही, अशा ठिकाणी तांब्याच्या टेलिफोन तारेवर ब्रॉडबँड वापरणाऱ्यांना हा अनुभव सवयीचा आहे.

त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘फिल्टर लाव, स्पीड वाढेल.’

हा सल्ला अर्धाच खरा आहे. फिल्टर स्पीड वाढवत नाही. तुमच्याच घरात जो स्पीड वाया जातोय, तो वाचवतो. हा फक्त शब्दांचा फरक नाही. बिघाड तुमच्या घरात आहे की कंपनीच्या तारेत, हे याच फरकावरून कळतं.

एक तार, दोन कामं

फोनवरचं आपलं बोलणं साधारण ४ किलोहर्ट्‌झच्या आत मावतं. एडीएसएल इंटरनेट त्याच तारेवर साधारण २५ किलोहर्ट्‌झपासून पुढे सुरू होतं आणि १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत जातं. एडीएसएल२+ या सुधारित प्रकारात ही मर्यादा २.२ मेगाहर्ट्‌झ आहे. म्हणजे आवाज खालच्या मजल्यावर, इंटरनेट वरच्या. म्हणूनच २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलला रस्ते न खणता घरातल्या जुन्याच फोनच्या तारेवर ब्रॉडबँड देता आलं.

अडचण फोनच्या यंत्राची आहे. वरच्या मजल्यावर कुणी राहतंय, हे त्याला माहीतच नसतं. ते इंटरनेटच्या सिग्नलचा काही भाग खातं आणि वर स्वतःचा गोंगाट तारेत सोडतं. रिसीव्हर उचलला किंवा रिंग आली की तारेवरची विद्युत स्थिती अचानक बदलते. मॉडेम गोंधळतो, स्पीड कमी करतो किंवा कनेक्शन तोडून पुन्हा जोडतो.

फिल्टरच्या डबीत छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतात. ते कमी फ्रिक्वेन्सी फोनकडे जाऊ देतात, जास्त फ्रिक्वेन्सी अडवतात. बस, एवढंच.

आपल्याकडे मॉडेमसोबत तीन तोंडांचा स्प्लिटर मिळायचा: एक लाइनसाठी, एक फोनसाठी, एक मॉडेमसाठी. तो हॉलमध्ये लागला की काम झालं, असं समजलं जायचं. पण स्वयंपाकघरातला पॅरलल फोन? आजोबांच्या खोलीतला जादा सेट? दवाखान्यातलं फॅक्स मशीन? त्यांची तार स्प्लिटरच्या आधीच फुटलेली असेल, तर ते फिल्टरविनाच राहतात. असं एक जरी यंत्र राहिलं, तरी त्रास पूर्ण लाइनला होतो.

म्हणून स्प्लिटरची योग्य जागा म्हणजे बाहेरची तार घरात जिथे पहिल्यांदा येते, ते रोझेट. तिथून एक तार थेट मॉडेमला आणि घरातले सगळे फोन स्प्लिटरच्या फोनच्या तोंडामागे. एवढं वायरिंग बदलणं शक्य नसेल, तर प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावा. मॉडेमच्या तारेवर मात्र चुकूनही लावू नका. मॉडेमला हव्या त्याच फ्रिक्वेन्सी तो अडवतो, त्यामुळे लिंकच येणार नाही. आणि उघड्या तारांना हात लावताना जपून: टेलिफोन लाइनवर एरवीही सुमारे ४८ व्होल्ट असतात, रिंग वाजताना त्याहून जास्त.

यूट्यूबवरचे काही व्हिडिओ ‘तिसरी तार काढून टाका’ असंही सांगतात. तो उपाय ब्रिटनचा आहे. तिथल्या घरांत घंटीसाठी वेगळी तार असायची. ती अँटेनासारखी गोंगाट पकडायची, म्हणून बीटी या कंपनीने २००८ मध्ये ती वेगळी करणारी खास प्लेट आणली होती. आपल्याकडे फोन दोन तारांवर चालतो. त्यामुळे तिसरी तार शोधत बसू नका.

दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं?

मॉडेमच्या मागे छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. तिथे डीएसएलच्या माहितीत दोन आकडे बघा, दोन्ही डेसिबलमध्ये असतात. एक अ‍ॅटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर किती जागा शिल्लक आहे. मार्जिन ६ च्या खाली गेलं, तर लाइन तुटण्याची शक्यता वाढते.

आता घरातले सगळे फोन काढा, फक्त मॉडेम थेट रोझेटला जोडा. लिंक आली की पाचेक मिनिटांनी आकडे टिपून घ्या. मग सगळं पूर्ववत जोडून पुन्हा बघा, एखादा रिसीव्हर उचलूनही बघा. मार्जिन घसरलं, तर दोष घरात आहे आणि फिल्टर कामाला येईल. दोन्ही वेळा तितकंच वाईट असेल, तर दहा फिल्टर लावूनही उपयोग नाही. दोष बाहेर आहे: गंजलेला जॉइंट, केबलमध्ये शिरलेलं पाणी किंवा सरळ अंतर. या दोन्ही वेळच्या आकड्यांचे फोटो तक्रारीसोबत द्या. मग ‘घरातलं वायरिंग तपासा’ या ठरलेल्या उत्तराला तुमच्याकडे उत्तर असेल.

अंतराला मात्र इलाज नाही. एडीएसएल२+ चा २४ एमबीपीएस हा आकडा एक्स्चेंजच्या अगदी जवळ राहणाऱ्यांसाठी. तारेची लांबी पाच किलोमीटरच्या आसपास गेली की एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी बरं म्हणायचं.

इथेच खरी गोची आहे. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये किमान २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. कागदावर स्पीड आठपट झाला, पण लांबच्या घरांत तार तीच राहिली. त्यात जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कंपनीचं लक्ष आता फायबरवर आहे. धोरण म्हणून ते बरोबरच. पण फायबर येईपर्यंत जे तांब्यावर आहेत, त्यांचे जॉइंट कोण दुरुस्त करणार, याचं उत्तर ग्राहकाला मिळायला हवं.

फायबर आलं की फिल्टर निरुपयोगी होतो. काचेतून प्रकाश जातो, तिथे गाळायला काही उरत नाही. त्यामुळे फायबर कनेक्शन असेल, तर फिल्टरवर एक रुपयाही घालवू नका.

फायबरवर जाताना एक गोष्ट मात्र विचारून घ्या. तांब्यावरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी तो चालतो. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. ब्रिटनमध्ये जुनी फोनसेवा २०२५ अखेर बंद होणार होती. आजारी आणि वृद्धांच्या घरातले आपत्कालीन अलार्म त्याच लाइनवर असल्याने ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत ढकलावी लागली. तुमच्या भागात तासन्‌तास लाइट जात असेल आणि मोबाइलची रेंजही बेभरवशाची असेल, तर डब्याला बॅटरी बॅकअप मिळणार का आणि लँडलाइनचा नंबर तोच राहणार का, हे तांब्याचं कनेक्शन सोडण्याआधी विचारा.