हिमांतील दोन दिवस

पूर्वीं आपल्या घरांतून हिमालयाकडे जाणारें माणूस बहुधा साठी उलटलेलें असे. मुलांचीं लग्नें झालीं, नातवंडांच्या मुंजी झाल्या, म्हणजे केदार-बदरीचा विचार निघे. आणि निरोप देतांना घरचीं माणसें डोळ्यांस पदर लावीत. आतां क्रम उलटला आहे. आजोबा घरीं असतात, आणि नात जानेवारीच्या एका शुक्रवारीं सायंकाळीं पाठीवर पिशवी टाकून निघते ती सोमवारीं सकाळीं कचेरींत हजर होते. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथें नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या मराठी तरुणांत ही चाल चांगलीच रुळली आहे, आणि पुण्यामुंबईचीं त्यांचीं भावंडेंही विमानानें त्यांस जाऊन मिळतात. 'दोन दिवसांचा तर प्रश्न,' असें म्हणून परवानगी मागितली जाते, आणि त्याच कारणास्तव ती दिलीही जाते. आमच्या मतें सारी गोम या दोन दिवसांतच आहे.

उदाहरणादाखल चोपत्याचीच वाट घेऊं, कारण दिल्लीकर तरुणांची तिच्यावर विशेष भक्ति आहे. हरिद्वार, ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ असें करीत मोटार चोपत्यास पोंचते. चोपता सुमारें ८,८०० फूट उंचीवर आहे. तेथून साडेतीन-चार किलोमीटरांवर तुंगनाथाचें देऊळ, पंचकेदारांतील तिसरा केदार, सुमारें १२,००० फुटांवर; आणि त्याच्याही वर चंद्रशिलेचा माथा. आभाळ स्वच्छ असल्यास या माथ्यावरून चौखंबा, नंदादेवी, त्रिशूल व केदारनाथाकडील शिखरें एकाच दृष्टिक्षेपांत येतात. कोणा हौशी मनुष्यानें या कुरणांस 'छोटें स्वित्झर्लंड' असें नांव दिलें आणि मोटारवाल्यांनीं तें पाट्यांवर चढविलें. ज्या डोंगरास स्वतःचें पुराणप्रसिद्ध नांव आहे त्यास परक्या देशाचें उसनें नांव कां द्यावें, हें आम्हांस कळलेलें नाहीं.

हिवाळ्यांत हें देऊळ बंद असतें. दिवाळीच्या सुमारास कपाटें लागतात आणि देवाची उत्सवमूर्ति वाजतगाजत खालीं मक्कूमठ येथें नेली जाते. सहा महिने पूजा तेथेंच चालते. पुजारीही याच मक्कू गांवचे. तेव्हां जानेवारींत वर जाणाऱ्यास दर्शन घडत नाहीं, अंगणांत कमरेइतकें हिम घडतें. ज्यांस घरच्या वडील मंडळींकडून देवास कांहीं वाहण्याची आज्ञा झाली असेल, त्यांनीं मक्कूमठाची वाट धरावी. ज्यांच्या हंगामांत देवानेंच ती जागा सोडली आहे, तेथें आपण पाहुणे आहों, एवढें ध्यानांत असलें म्हणजे पुष्कळ उद्धटपणा आपोआप टळतो.

आतां मुख्य गोष्ट. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० फुटांवर आहे. शुक्रवारीं रात्रीं तेथून निघालेलें शरीर शनिवारीं चोपत्यास निजतें आणि रविवारीं सूर्योदयापूर्वीं १२,००० फुटांच्या वर उभें असतें. वैद्यकशास्त्राचा साधारण दंडक असा आहे कीं, ८,००० फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास होऊं शकतो, आणि १०,००० फुटांच्या पुढें निजण्याची जागा दररोज दीड हजार फुटांहून अधिक वाढवूं नये. चंद्रशिलेवर कोणी निजत नाहीं, त्याच दिवशीं माणसें खालीं येतात, म्हणूनच ही सहल बहुतेकांस निभावते. परंतु डोकें ठणकूं लागलें, मळमळूं लागलें, अन्नावरची वासना उडाली, तर तो चहा न मिळाल्याचा परिणाम नव्हे. त्यावर खरा उपाय एकच : खालीं उतरणें. जो तरुण व्यायामशाळेंत रोज घाम गाळतो त्यालाही हा विकार सोडीत नाहीं. उलट जोर आहे म्हणून तो भरभर चढतो आणि आधीं आडवा होतो.

थंडीचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. हजार मीटर चढल्यावर हवा सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होते. दिल्लींत रात्रीं ८ अंश असले तर केवळ उंचीमुळें चंद्रशिलेवर शून्याखालीं दहा-पंधरा अंश होऊं शकतात. वारा असल्यास अंगास त्याहून पुष्कळ अधिक गार लागतें. तरीही कोरड्या थंडीपेक्षां ओली थंडी घातक. पाणी हवेच्या सुमारें पंचवीसपट वेगानें अंगांतील ऊब ओढून नेतें. चढतांना घाम येतो, तो सुती गंजिफ्राकांत मुरतो, आणि माथ्यावर थांबल्यावर तोच गंजिफ्राक बर्फाच्या पट्टीसारखा छातीस चिकटतो. म्हणून अंगालगत सूत नसावें. लोकरीचें किंवा तत्सम घाम न धरणारें वस्त्र असावें, त्यावर उबेचा थर, आणि सर्वांवर वारा व हिम अडविणारें जाकीट. आपल्या आज्यांनीं विणलेले लोकरीचे मोजे ज्या घरांत कपाटाच्या तळाशीं पडून आहेत, त्या घरांनीं ते बाहेर काढावेत. दुकानांतील भारी किंमतीच्या वस्तूंहून ते उणे ठरत नाहींत. दोन जोड मात्र कोरडे राखून ठेवावे. बुटांस बांधावयाचे लोखंडी काटे तेथें भाड्यानें मिळतात. कठीण झालेल्या हिमावर त्यांवांचून उतरूं नये. पाण्याची बाटली पिशवींत उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठत येतें आणि बूच मोकळें राहतें.

थंडीनें माणूस कसा जातो हें घरांतील प्रत्येकानें जाणून घ्यावें. शरीराच्या आंतील उष्णता ३५ अंशांखालीं गेली कीं प्रथम कांपरें भरतें. मग पाय अडखळतात, बोटांनीं गुंडी लागत नाहीं, बोलणें तोतरें होतें, आणि मनुष्य चिडखोर किंवा उदासीन बनतो. 'मला कांहीं झालेलें नाहीं, तुम्ही पुढें व्हा,' असें तो म्हणतो. कांपरें थांबलें म्हणजे बरें वाटलें असें सोबत्यांस वाटतें. वस्तुतः तेव्हांच धोका वाढलेला असतो. अशा वेळीं आडोसा शोधून ओले कपडे काढावेत, कोरड्यांत गुंडाळावें, शुद्धीवर असल्यास गोड ऊन पेय द्यावें आणि मदत बोलवावी. बोटें पांढरीं व बधिर झालीं तर त्यांस हिमानें चोळूं नये, शेकोटीवर धरूं नये; बधिर कातडीस भाजल्याचें कळत नाहीं. मद्यानें ऊब येते ही समजूत शुद्ध भ्रम होय. कातडीकडे रक्त धांवल्यानें गरम भासतें आणि आंतली ऊब बाहेर जाते. ज्या घरांत हा प्रश्नच उद्भवत नाहीं असें घरच्यांस वाटतें, त्यांनींही हें वाक्य मुलांस वाचून दाखवावें.

२०२४ सालच्या जूनांत उत्तरकाशीकडील सहस्रतालाच्या वाटेवर कर्नाटकांतून निघालेली २२ जणांची एक तुकडी हिमवादळांत सांपडली आणि त्यांतील ९ जण दगावले. महिना जूनचा होता, हें लक्षांत घ्यावें. जानेवारी-फेब्रुवारींत तर पश्चिमेकडून येणारे हवेचे विक्षोभ एका रात्रींत वाट पुसून टाकतात. चोपत्यापर्यंतची सडकही अशा वेळीं बंद होते, आणि दुगलबिट्ट्यापासूनच हिमांतून चालावें लागतें. दोन दिवसांच्या प्रवाशाजवळ मग दोनच गोष्टी उरतात : परत फिरणें, किंवा हट्ट.

हट्ट कोठून येतो? केवळ तारुण्यांतून येतो असें आम्हांस वाटत नाहीं. रजा मोजकी, मोटारीचें भाडें भरलेलें, मित्रांस आधींच सांगून झालेलें. आणि घरीं परतल्यावर काकूंपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचा पहिला प्रश्न, 'मग, पोंचलांत कां माथ्यावर?' तुंगनाथापासून चंद्रशिलेचा शेवटचा चढ उभा आहे. ताज्या हिमानें भरलेला असा उतार घसरूं शकतो; तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिमाच्या लाटा विशेषतः सुटतात, आणि दबलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला गेला नाहीं तर आशा झपाट्यानें मावळते. स्थानिक वाटाड्या तेथें 'आज नको' म्हणाला तर तें वाक्य प्रमाण मानावें, आणि पैसे त्याच्या हातीं पूर्ण ठेवावेत. तरुण मंडळी पुष्कळदां त्यास अधिक पैशाचें आमिष दाखवितात. हा त्याच्या जिवाचाही सौदा होय. घरच्यांनीं आपल्या बाजूनें एवढेंच करावें कीं, निघण्यापूर्वींच सांगून टाकावें : देवळापासून परत आलांत तरी आम्ही लाडूच देऊं.

सूर्योदयासाठीं पहांटे तीनला निघण्याची रीत आम्हांस नवख्यांसाठीं पसंत नाहीं. पहांटे हिम घट्ट असतें व चालण्यास सोपें पडतें हें खरें. पण तीच घटका सर्वांत थंड, आणि अंधारांत घसरडी जागा दिसत नाहीं. उजाडल्यावर निघून दुपारच्या आंत परतावें. सूर्य वर आल्यावर काळा चष्मा अवश्य पाहिजे, कारण ताजें हिम उन्हांतील जंबुपार किरणांचा मोठा भाग परत डोळ्यांवर फेंकतें.

मुलगी जाते म्हणून वेगळी काळजी, असा सूर कांहीं घरांत अद्याप ऐकूं येतो. १९८४ सालीं एव्हरेस्टवर चढणाऱ्या बचेंद्री पाल याच गढवालच्या कन्या आहेत. मुलीचें रक्त पातळ नाहीं ना, लोह पुरेसें आहे ना, एवढें पाहून घ्यावें. तें मुलाचेंही पाहावें. रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनीं वैद्यास विचारल्यावांचून निघूं नये.

दोन धोके मात्र हिमाशीं संबंध नसलेले आहेत, आणि त्यांची चर्चा कोणी करीत नाहीं. पहिला, निजण्याच्या खोलींतील कोळशाची शेगडी. दारें-खिडक्या लावून ती पेटती ठेवली तर कोळशाचा विषारी वायु वास न येतां, घसा न खवखवतां झोपेंतच मनुष्यास नेतो. थंडी सोसावी, रजई वाढवावी, पण शेगडी बाहेर ठेवून निजावें. दुसरा, परतीची मोटार. रविवारीं दुपारीं माथ्यावरून उतरलेला, दोन रात्रीं नीट न निजलेला तरुण सायंकाळीं चाकाशीं बसतो, कारण सोमवारीं कचेरी असते. अलकनंदेच्या कांठची ती वळणें जागत्या माणसासही जपून काढावीं लागतात. आम्हांस हिमापेक्षां या मोटारीचें भय अधिक वाटतें. सोमवारची रजा घ्यावी. मिळत नसेल तर गाडी हांकण्यास पहाडी सारथी घ्यावा व रात्रीं रुद्रप्रयागीं किंवा ऋषिकेशीं मुक्काम करावा.

बरोबर काय द्यावें असें गृहिणी विचारतात. डिंकाचे लाडू, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, थोडें मेतकूट. थंडींत भूक व तहान दोन्ही कळत नाहींत, म्हणून दर तासास कांहीं तोंडांत टाकावें व पाणी प्यावें. वडीलधाऱ्यांची ओढ असेल तर त्यांनीं वसंताची वाट पाहावी. मार्चच्या अखेरीपासून खालच्या रानांत बुरांश तांबडा फुलूं लागतो, आणि वैशाखाच्या सुमारास तुंगनाथाचीं कपाटें उघडलीं म्हणजे घोड्यावर बसून आजीआजोबांसही वर जातां येतें. लोकरीचे मोजे मात्र तेव्हांही बरोबर असावेत.