नखाची गती आणि आपली घाई

पऱ्हे तयार झाले, बांध्यांत पाणी साचले आणि रोवणीला सुरुवात झाली की गोंदिया जिल्ह्यातील आपल्या सर्वांच्याच दवाखान्यांत एक ठरावीक तक्रार येऊ लागते. रोवणीच्या स्त्रिया दिवसभर चिखलात उभ्या असतात. आठ-दहा दिवसांत बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, खाज सुटते, आग होते. ‘चिखल्या झाल्या’ एवढे म्हणून काम चालूच राहते. रोवणी संपते आणि चिखल्याही विस्मरणात जातात. अशा दोन-तीन रोवण्या गेल्या की त्याच पायाच्या अंगठ्याचे नख पिवळट, जाड व ठिसूळ होऊन आपल्यासमोर येते. ‘‘डॉक्टरसाहेब, किती दिवसांत बरे होईल?’’ असा प्रश्न येतो आणि आपल्यातील कित्येकजण ‘‘पंधरा दिवस तेल लावा’’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर शास्त्राला धरून नाही आणि व्यवसायाच्या हिताचेही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम निदानाचा विचार करू. आपल्याकडे नखाच्या बुरशीला सरसकट ‘कुनख’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. परंतु सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत तीन वेगळ्या व्याधी सांगितल्या आहेत. दुष्ट चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्या ओलसर होऊन कंडू, दाह व वेदना होतात, तो अलस. नखालगतच्या मांसात वात-पित्ताने दाह व पाक होतो, ते चिप्प. अभिघाताने नख रूक्ष, काळे व खरखरीत होते, ते कुनख. म्हणजे कुनखाचे कारण म्हणून ग्रंथाने आघात सांगितला आहे. आधुनिक त्वचारोगशास्त्रही सांगते की विकृत दिसणाऱ्या नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांत बुरशी असते. उरलेल्यांत आघात, सोरायसिस, लायकेन प्लेनस अशी इतर कारणे असतात. ग्रंथातील भेद आपणच पुसून टाकला, तर दोष ग्रंथाचा नव्हे.

ही चूक आमच्याही हातून घडली आहे. रोवणीला जाणाऱ्या एका भगिनीच्या जाड झालेल्या नखावर आम्ही सात महिने बुरशी समजून लेप व पोटात औषध देत राहिलो. उतार पडेना. एके दिवशी तिने औषधाची पुडी घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा हाताच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसले. मग डोके तपासले, तर केसांत कोंड्यासारखे जाड पापुद्रे होते. तो सोरायसिस होता. सात महिने तिने मजुरीचे पैसे औषधाला दिले आणि आम्ही तिचे हात एकदाही नीट पाहिले नव्हते. तेव्हापासून नखाचा रुग्ण आला की दोन्ही हात, दोन्ही पाय व डोके पाहिल्यावाचून आम्ही चिठ्ठी लिहीत नाही. शंका राहिल्यास नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साईडची सूक्ष्मदर्शक तपासणी करून घ्यावी. ती साधी व स्वस्त आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे रुग्ण पाठविण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता चिकित्सेकडे वळू. पायाचे नख महिन्याला जेमतेम एक ते दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे येण्यास बारा ते अठरा महिने लागतात. औषध कोणत्याही पॅथीचे असो, बिघडलेले नख पुन्हा सुधारत नाही. मागून निरोगी नख येते आणि जुने पुढे ढकलले जाते. तेव्हा पंधरा दिवसांचे वचन पाळणे कोणालाच शक्य नाही. चार-पाच महिने धानाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट सहज पटते, मात्र ती पहिल्याच दिवशी सांगावी लागते. न सांगितल्यास तो महिन्याभरात दुसऱ्या दारी जातो आणि ‘आयुर्वेदाने गुण येत नाही’ असे म्हणतो.

दुसरी गोष्ट अशी की जाड नखातून तेल वा लेप आत पोहोचत नाही. सुश्रुतांनी चिप्पात आधी उष्णोदकाने स्वेदन व छेदन सांगितले, अभ्यंग व चूर्ण त्यानंतर. आणि कुनखातही हाच विधी करावा, असे म्हटले. आज चाळीस टक्के युरियाच्या मलमाने नख मऊ करून काढतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. आपण मात्र छेदन विसरलो आणि तेलाची बाटली तेवढी हाती ठेवली. कोमट पाण्यात पाय बुडवून, नख कानशीने घासून पातळ करून मगच निंब-करंजादी तेल लावावे. मधुमेही किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णात मात्र कापाकापी कटाक्षाने टाळावी. अलसाच्या लेपात ग्रंथाने हरताळ सांगितला आहे. तो सोमलयुक्त असल्याने फुटलेल्या त्वचेवर घरगुती वापरासाठी देऊ नये.

औषध विक्रेते बंधूंनाही एक विनंती आहे. चिखल्यांवर स्टिरॉईड मिसळलेली मलमे मागितली जातात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी चौदा स्टिरॉईड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. तरीही ती हातोहात विकली जातात, हे आपण सर्वजण जाणतो. नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारा, २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळालेला गजकर्णाचा प्रकार भारतातच मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. हा इशारा पुरेसा आहे.

शेवटी आमचे म्हणणे थोडक्यात असे. नखाची खरी चिकित्सा रोवणीच्या काळातच करावयाची असते. अलस हा नखाकडे जाणारा दरवाजा आहे. संध्याकाळी पाय स्वच्छ धुऊन बेचक्या कोरड्या पुसणे आणि चिखल्या दिसताच त्यांवर पूर्ण उपचार करणे, एवढे प्रत्येक रुग्णाला ज्येष्ठातच सांगावे. काळी उभी रेघ असलेले नख, मधुमेह्याचा सुजलेला अंगठा आणि सहा महिन्यांत मुळाशी निरोगी नख न दिसणारा रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावा. पोटातून टर्बिनाफिन घेणे आवश्यक ठरल्यास यकृताची तपासणी व देखरेख तेथेच होऊ शकते.

आपल्या दारी येणारी रोवणीची मजूर एक दिवसाची मजुरी बुडवून येते. तिला खरी मुदत सांगणे आणि तिचे हात-पाय नीट पाहणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे. येत्या रोवणीपूर्वी सर्व वैद्यबंधू-भगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.