गेलेल्यांचं देणं, राहिलेल्यांचं देणं

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या खेड्यातून कुणी अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री सारा शेजार त्या घरी जमे. गाणी होत, नाच होई आणि पहाटेला रडारड. मयताच्या घरी रात्र जागवायची तिथली जी रीत, तीच ही. म्हणून तिला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. बोटीनं गेलेलं लेकरू बहुधा पुन्हा दिसायचं नाही, हे आईबापांना ठाऊक असे.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. पण दुष्काळ सरला तरी जाणं थांबलं नाही. शेताचे तुकडे करून मुलांत वाटणं लोकांनी सोडलं होतं. जमीन एका मुलाला, हुंडा एका मुलीला आणि बाकीच्यांना बोटीचं तिकीट, असा हिशेब ठरून गेला. जाणं हे मग धाडस उरलं नाही, ते कर्तव्य झालं. बोस्टन-न्यूयॉर्कला परक्यांच्या घरी राबणाऱ्या अविवाहित मुलींच्या पैशांवर मागे शेताचा खंड भरला जाई, धाकट्या भावंडाचं तिकीट निघे.

माझी उमर बँकेत गेली. परदेशातून आलेला ड्राफ्ट खात्यात जमा करताना रक्कम दिसते. पाठवणाऱ्याने काय सोडलं आणि घेणाऱ्याने काय सोसलं, याचा रकाना खतावणीत नसतो. आयर्लंडच्या बाबतीतही आपले डोळे भरून येतात ते जाणाऱ्यासाठी. पण ज्याला जमीन मिळाली, त्याला म्हातारे आईबापही मिळाले. बाप कारभार सोडीपर्यंत त्याचं लग्न लांबे. कित्येकांचं झालंच नाही. त्याच्यासाठी कुणी रात्र जागवली नाही.

१९९० साली मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. दूर गेलेल्या देशबांधवांसाठी त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लावला. गेलेल्यांची आठवण ठेवावी, यात वाद नाही. पण तिकीट काढण्यापूर्वी ‘तुला जायचंय का?’ हे एकाला विचारलं गेलं असेल, तर ‘तुला राहायचंय का?’ हे दुसऱ्यालाही विचारायला हवं होतं. खिडकीत दिवा लावायलासुद्धा घरात कुणीतरी असावं लागतं.